एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या पेट्रियट्सचा तेव्हाचा कोच बेलिचिक, त्याचा रेव्हन्स टीमविरुद्धचा तो फॉर्मेशनचा (खेळाडूंच्या मांडणीचा) डाव म्हणजे हुशारी की चीटिंग?

माझ्या मते शंभर टक्के हुशारी. आणि हे पेट्रियट्सचा फॅन म्हणून नाही सांगत, स्पायगेट, म्हणजे त्याच टीमचं 2007 चं चोरून शूटिंगचं प्रकरण, ही सरळसरळ चीटिंग होती असं मानणाराच आहे मी, पण तुम्ही हा डाव आणि स्पायगेट दोन्ही चीटिंगच म्हणून एकाच माळेचे मणी धरलेत ते नाही पटलं.

10 जानेवारी 2015 ची प्लेऑफ मॅच, पेट्रियट्स 28-14 ने मागे. एरवी बॉल असलेल्या टीमचे लाइनवर पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात, त्यांना पास घेता येत नाही, हे डिफेन्सच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कोणी तिकडे बघतही नाही. बेलिचिकने चारच ठेवले आणि पाचवा म्हणून चक्क रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) शेन व्हेरीनला, जर्सी नंबर 34, रेफरीकडे इनएलिजिबल (पास घ्यायला अपात्र) म्हणून रिपोर्ट करायला लावलं. तो बाजूला रिसीव्हरसारखा (पास घेणाऱ्यासारखा) उभा, आणि लेफ्ट टॅकलच्या, म्हणजे एरवी लाइनमन असतो त्या जागेवर हूमनवानुई, टाइट एंड, तो मात्र एलिजिबल! रेफरीने तर माइकवरून सांगितलं की 34 ला कव्हर करू नका, अख्ख्या स्टेडियमने ऐकलं, तरी रेव्हन्सचा गोंधळ उडायचा तो उडालाच आणि हूमनवानुई मोकळा सुटला. त्याच चढाईत टचडाउन, शेवटी मॅच पेट्रियट्सने 35-31 जिंकली.

रेव्हन्सचा कोच जॉन हार्बॉ चिडून मैदानात घुसला, पेनल्टी खाल्ली. त्याचं म्हणणं, कोण एलिजिबल ते ओळखून माणसं लावायला वेळच दिला नाही. या तक्रारीत दम होता, मार्चमध्ये लीगने नियम बदललाच. पण नियम नंतर बदलला म्हणून आधीचा डाव चीटिंग कसा ठरेल? त्या दिवशी तो नियमात बसत होता आणि रेफरीला सांगून केला होता.

आता स्पायगेट. 2007 ला जेट्स टीमविरुद्ध पेट्रियट्सने काय केलं? त्यांच्या कोचेसचे हातांचे सिग्नल साइडलाइनवरून कॅमेऱ्यात शूट केले, आणि तिथून शूट करायचं नाही असं लीगने वर्षभर आधीच लेखी कळवलं होतं. बेलिचिकला 5 लाख डॉलर दंड, टीमला अडीच लाख, वर ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमधला) पहिल्या राउंडचा पिक गेला. योग्यच झालं.

अजून एक सांगतो. 2019 मध्ये जेट्सविरुद्धच बेलिचिकने पंटच्या (बॉल लाथेने लांब मारून समोरच्या टीमला द्यायच्या) आधी मुद्दाम पेनल्टी घेऊन घड्याळ पळवलं, कारण शेवटची पाच मिनिटं लागायच्या आधी अशा फाउलनंतरही घड्याळ पुन्हा चालू व्हायचं. तेही नियमात. मग जानेवारी 2020, प्लेऑफ, पेट्रियट्सच्या घरच्या मैदानावर, फॉक्सबरोमध्येच, समोर टायटन्सचा कोच माइक व्रेबल, बेलिचिकच्याच हाताखाली खेळलेला लाइनबॅकर. त्याने तोच डाव त्याच्यावर उलटवला, एका पंटपायी जवळपास दोन मिनिटं खाल्ली आणि बेलिचिक साइडलाइनवर रेफरीवर ओरडत होता. टायटन्स जिंकले, स्टार क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची पेट्रियट्सकडून ती शेवटची मॅच ठरली, आणि त्यानंतर लीगने ती पळवाटही बुजवली. पण व्रेबलला मी चीटर म्हणणार नाही, मग त्याच न्यायाने 2015 च्या बेलिचिकलाही नाही म्हणता येत.