पेज डोक्याला फासली, बरं झालं

“मावशी, प्रश्न चार आहेत, पण पहिल्याचंच रडू येतं.” गोव्यातल्या साखळीच्या एका माहेरवाशिणीचं पत्र आहे. मुक्काम एरवी इंग्लंडात स्विंडनला, सध्या आईकडे. मुलगा वीस महिन्यांचा. नवऱ्याला रजा नाही म्हणून तो तिकडेच.

पहिला प्रश्न तिच्याच शब्दांत देते. “बाळ मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. आई त्याला कडेवर घेऊन अंगणभर फिरते, एका घासाला एक गाणं, जेवण तासभर चालतं. गेल्या सहा महिन्यांत वजन जेमतेम किलोभर वाढलं. परवा मी पेजेची वाटी त्याच्यापुढे ठेवली, तर त्याने ती डोक्याला फासली. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो नाद सोडला.”

का गो सोडलास? सगळ्या पत्रात तेवढं एकच काम तू बरोबर केलं होतंस.

नेहमीचे वाचक आता हसणार. मावशीला झोपेचं विचारा, भांडणाचं विचारा, ती फिरून ताटावरच येते. येते खरी. आपण परदेशातली माणसं मुलाच्या जेवणाला जेवढी घाबरतो तेवढी व्हिसालाही घाबरत नाही, आणि या भीतीपायी मुलाचे हात बांधून ठेवतो.

आधी वजन. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र सगळं मिळून दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. म्हणजे सहा महिन्यांत किलोभर वाढलेलं तुझं पोर ठीक आहे. तिकडे मिळालेल्या बाळाच्या आरोग्यनोंदींच्या लाल वहीत वजनाची रेषा असते, ती एकदा उघडून बघ. रेषा आपल्या वाटेनं चालली असेल तर वही मिटून ठेव. खाली घसरत असेल तर साखळीतच बालरोगतज्ज्ञांना दाखव, माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. आणि याच वयात मुलं नव्या पदार्थाकडे संशयानं बघायला लागतात. काल आवडीनं खाल्लेलं वांगं आज थुंकतात. तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा पुढे यावा लागतो, मग कधीतरी हात जातो. आपण तिसऱ्या वेळी “त्याला आवडत नाही” म्हणून मोकळे होतो.

पत्राच्या कोपऱ्यात तू एक ओळ टाकली आहेस, बहुतेक मला दिसू नये अशा बेतानं. “दूध मात्र चार बाटल्या पितो.” अगं, मग जेवणार कुठून? या वयाला दिवसाकाठी ३५० ते ४०० मिलिलिटर दूध पुरतं. त्याहून पुष्कळ जास्त गेलं की पोट भरतं, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यामुळे रक्त कमी होण्याची भीती वेगळी. बाटली बंद कर, पेल्यातून दे, जेवणाच्या आधी देऊ नकोस. चार दिवस रडेल. तुझी आईही रडेल.

आता मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये. पण माझं भांडण पडद्याशी तेवढं नाही, बेसावध घासाशी आहे. मूल गाण्यात गुंगलं की तोंड आपोआप उघडतं, आपण घास सारतो, आणि पोट भरलं हे त्याला कळायच्या आत आणखी चार जातात. मी तर म्हणते चिऊचा घास, काऊचा घास हेही त्यातलंच. त्यावर मला दरवेळी रागाची पत्रं येतात. येऊ देत. कावळा अंगणात बसलेला असायचा, मूल त्याच्याकडे बघायचं, आणि आजी घास कोंबायची. फरक एवढाच की कावळा उडून जायचा.

शिवाय कडेवर, चालताना, हसताना घास देणं धोक्याचं आहे. मूल बसलेलं असावं, पाठ ताठ. अख्खे काजू, शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नकोत, मग ते घरच्या बागेतले का असेनात. द्राक्षं उभी चिरून. घास पुढे अडकून ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नकोस, तो स्वतःच बाहेर काढतो. आवाजच बंद झाला तर मात्र ते खरं गुदमरणं. तिकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे वर्ग असतात, परत गेलीस की एक करून घे.

बाकी सगळं त्याच्यावर सोड. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची सरळ वाटणी करून ठेवली आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं का आणि किती, हे मुलानं. माझ्या सासूबाईंना सॅटरबाई ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण आमच्या माशेलच्या घरात त्या मुलांना ओळीनं पाटावर बसवत, उकड्या तांदळाची पेज वाढत आणि पाठ फिरवून चुलीकडे वळत. पाठ फिरवणं महत्त्वाचं. बघणारं कुणी नसलं की मूल खेळ सोडून खायला लागतं. अर्ध्या तासानं ताटं उचलली जात. “खाल्लं नाही का? बरं.” बस्स. पुढचं मिळायचं ते चारच्या चहाला.

आपण बाहेर गेलो आणि हे का विसरलो, ते मला पक्कं ठाऊक आहे. भाड्याचं घर आणि त्यातलं कार्पेट! मस्कतला आमच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत फिकट कार्पेट होतं आणि मालकाकडे आमचं डिपॉझिट. थोरल्याच्या हातात हळदीचा भात द्यायचा म्हणजे नवऱ्याच्या पोटात गोळा. शेवटी मी जुनी चादर पसरून, त्यावर प्लास्टिक घालून, मुलाला फक्त लंगोटावर बसवायची. जेवण झालं की चारी टोकं धरून सगळं बाल्कनीत. तो आज चाळिशीला आला, अजून कुणी वाढायची वाट बघत नाही.

तुझ्या आईकडे फरशी आहे ना? मग बादली आणि फडकं एवढाच खर्च. हे दोन महिने वाया घालवू नकोस. पेज हातातून गळते, भात चिकटतो, सोलकढीचा ओठांना झटका बसतो, हे त्याला बोटांनी कळू दे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडची एक गरम पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, फाडून बाळाच्या हातात दे. ती आतून पोकळ आहे हे कळल्यावर आमची नात मेलबर्नहून आली होती तेव्हा अख्खी सकाळ पोईत बोट घालून बसली होती. शेवटी खाल्ली किती? चिमूटभर. पण दुसऱ्या दिवशी भोंगा ऐकून पहिली दारात तीच.

मासळीचं विचारशीलच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, त्यामुळे हल्ली घरोघरी सुकं चालू आहे. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) त्याला नको, मीठ फार. ऑगस्टात इसवणाचा (सुरमईचा) तुकडा काटा काढून, बोटांनी चुरून दे. बांगडा, पेडवे (छोटी तारली) मोठेपणी.

आईशी भांडू नकोस. तिला काम दे. “आई, तू त्याच्यासमोर बसून जेव” एवढंच सांग. आजी जेवते ते बघून मूल जितकं शिकतं तितकं आपल्या सांगण्यानं नाही. आणि तिनं लपून दोन घास भरवलेच, तर बघितलं नाही असं कर.

उरलेले प्रश्न. “कोंकणी, मराठी, इंग्रजी तिन्हीत गोंधळ होऊन बोलणं मागे पडेल का?” नाही. शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांतले मिळून मोज. दोन वर्षांचा होईपर्यंत दोन शब्द जोडायला लागला नाही, तर तिकडे हेल्थ व्हिजिटर नर्सची दोन ते अडीच वर्षांची तपासणी असते, तिथे सांग आणि कान तपासून घे. तोवर आजीला हवं त्या भाषेत बोलू दे.

“रात्री एकपर्यंत जागा असतो.” घड्याळ साडेचार तास पुढे गेलं आहे, त्याच्या अंगात अजून साडेआठच वाजलेत. दुपारी फार झोपू देऊ नकोस, सकाळी लवकर उठवून उजेडात ने. आठवड्यात येईल जागेवर.

“माशेलला चिखलकाल्याला नेऊ का? आई म्हणते ने, मला जंतूंची भीती वाटते.” चिखलात खेळायचा हा उत्सव आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, देवकीकृष्णाच्या देवळापुढे. देवकीच्या कडेवर बाळकृष्ण असलेली मूर्ती आहे ती, तुझ्या आईला पाया पडायचंच असणार. ने. ऐन गर्दीत नको, कडेला बस. पायाला जखम असेल तर चिखलात अजिबात सोडू नकोस, पावसाळी पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. नसेल तर पावलं बुडवू दे, हात तोंडात जाणार नाही एवढं बघ. जुने कपडे घाल, गाडीत टॉवेल आणि पाण्याची कळशी ठेव, आणि येताना तो गाडीत झोपला तर जेवायला उठवू नकोस.