देवाची इच्छा ‘ओळखायची’ की ‘पारखायची’?

प्रश्न असा आला आहे: आमच्या प्रार्थनासभेत ‘देवाची इच्छा ओळखणे’ असं सगळे म्हणतात, पण बायबलमध्ये ‘पारख’ हा शब्द दिसतो. नोकरीतल्या बदलीसारख्या रोजच्या निर्णयाबद्दल बोलताना यांतलं योग्य क्रियापद कोणतं?

पारखणे. घर घेतलं, गाव सोडलं, मुलीचं लग्न ठरवलं, की लगेच ‘मी प्रभूची इच्छा ओळखली’ असं सांगणारे लोक मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी अस्वस्थ होतो. ‘ओळखणे’ आलं ‘उपलक्षय्’वरून. लक्ष म्हणजे खूण. खूण दिसली, ओळख पटली, काम संपलं. आणि खोटं नाणं पाडणारा नक्कल करतो ती नेमकी खुणेचीच, म्हणजे छापाची!

‘पारख’ निघाली ‘परीक्षा’तून: परि अधिक ईक्ष्, सगळ्या बाजूंनी फिरवून बघणं. मोल्सवर्थचा कोश उघडा, तिथे हा शब्द नाण्यांच्या संगतीतच भेटतो. पेशवाईत सरकारी खजिन्यात भरणा होणारं नाणं पोतदार पारखून घेई. वाजवून बघायचं, बद्द वाजलं की बाजूला. कसोटीवर कस लावायचा, मग तोलायचं. आता नव्या कराराचं मूळ ग्रीक बघा. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (5:21) पौल ‘सर्व गोष्टींची पारख करा’ म्हणतो, तिथलं मूळ क्रियापद ‘दोकिमाझो’, धातू आणि नाणी तपासण्याच्या व्यवहारातलं. योहानाच्या पहिल्या पत्रात (4:1) आत्म्यांच्या बाबतीत तेच क्रियापद आहे, पण आपल्या प्रचलित भाषांतरात तिथे ‘परीक्षा करा’ छापलं आहे. व्युत्पत्तीने चूक नाही, पण आजच्या कानाला त्यात शाळेची घंटा ऐकू येते. दोन्हीकडे ‘पारख’च हवी होती.

पाचव्या शतकातला ख्रिस्ती संन्यासी-लेखक योहान कासियान, त्याने तर हे रूपक पूर्ण उलगडलं आहे. इजिप्तच्या वाळवंटातला अब्बा (म्हणजे संन्यासी गुरू) मोशे त्याला सांगतो, की मनात आलेला विचार सराफासारखा तपास. सोनं खरं आहे की मुलामा दिलेलं पितळ? सोनं खरं, पण त्यावर भलत्याच राजाचा छाप तर नाही? (सैतानाने मंदिराच्या शिखरावर येशूला स्तोत्रातलं वचनच ऐकवलं होतं: वचन खरं, वापर खोटा.) अधिकृत टाकसाळीतून निघालं आहे का? आणि कीर्तीच्या हव्यासाचा गंज चढून वजनात घटलं तर नाही? ‘कुशल सराफ व्हा’ हे शुभवर्तमानांत नसलेलं, पण आद्य ख्रिस्ती लेखकांनी येशूच्या नावे दिलेलं वाक्य कासियानच्या मनात होतंच. त्या वाळवंटातला सराफ आणि आपला पोतदार एकच काम करत होते, आणि त्या कामाचं क्रियापद मराठीत तयार आहे!

‘इथे विवेक हाच शब्द’ असं बजावणारे अभ्यासक मला मान्य नाहीत. विवेक म्हणजे वेगळं करणं. करिंथकरांस पहिल्या पत्रात (12:10) आत्म्यांमधला फरक जाणण्यासाठी ‘दिआक्रिसिस’ हा ग्रीक शब्द आहे, त्याला तो चपखल बसतो. पण वेगळं काढण्याआधी वाजवून बघावं लागतं, ती पायरी हे विद्वान गाळतात. वर ‘सदसद्विवेकबुद्धी’ आपण आधीच दुसऱ्या अर्थाला देऊन बसलो आहोत.

हां, बदली. ‘प्रभूची इच्छा पारखतो आहे’ म्हणा, चालू काळात. पगार, घरची माणसं, तिथली ख्रिस्ती मंडळी, प्रार्थनेत टिकणारी शांती, सगळं फिरवून बघेपर्यंत तोच काळ राहू द्या.

आणि ‘जो पारखत नाही तो देवाला पारखा होतो’ ही प्रवचनातली कोटी कृपा करून व्युत्पत्ती म्हणून पुढे पाठवू नका. तो ‘पारखा’ ‘पर’च्या, म्हणजे परक्याच्या घराण्यातला. या पारखेशी त्याचं नातं नाही.