वरचे दात गेले कुठं?

प्रश्न : शेताजवळच्या ओढ्यात एक कवटी सापडली. वरच्या जबड्याला पुढं एकही दात नाही, दाढा मात्र शाबूत. खालच्या जबड्याच्या मधोमध दोन फाका झाल्यात. शिंगं नाहीत. आजोबा म्हणतात, म्हातारा लांडगा असणार, दात पडलेत. प्रॅक्टिकलच्या वहीत काय लिहू?
– बी.एस्सी. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, जि. लातूर

उत्तर : आजोबांना नमस्कार सांग, पण लांडगा लिहू नकोस. वरच्या जबड्याच्या टोकावरून बोट फिरव. दात पडला की त्याची खोबण, निदान तिची खूण, सहसा मागं राहते. तिथं हाड गुळगुळीत लागलं, तर दात पडले नाहीत, ते कधी नव्हतेच. शेळी, मेंढी, गाय, म्हैस यांना वर पटाशीचे दात नसतात. हिरडीची टणक गादी असते. खालचे दात तिच्यावर दाबून चारा तोडायचा.

आता दाढा बघ. माथ्यावर चंद्रकोरीसारख्या कडा दिसतील. लांडग्याची मोठी दाढ कात्रीच्या पात्यासारखी असते. आणि डोळ्याची खोबण? शेळीत हाडाचं कडं पुरतं मिटलेलं असतं, कुत्रा-लांडगा-कोल्ह्यात ते मागच्या बाजूनं उघडं. फाका झालेल्या जबड्याची काळजी करू नकोस. हनुवटीशी दोन्ही भाग पक्के सांधलेले नसतात, वाळले की सुटतात. सस्तन प्राण्यात त्यातला प्रत्येक भाग एकच अखंड हाड असतो. सरड्याच्या जबड्यात ती कितीतरी हाडं जोडलेली.

खालचे पुढचे दात मोजलेस तर आठ भरतील. इथं मी स्वतः आपटलोय. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर आठही पटाशीचे म्हणून रंगवले. बाहेरून आलेले परीक्षक पोरांसमोरच म्हणाले, "सर, कडेचे दोन सुळे आहेत, वेश बदलून बसलेत." तेव्हापासून विसरलो नाही. म्हणून सूत्र असं : एका बाजूला वर पटाशी ०, सुळा ०, उपदाढा ३, दाढा ३; खाली ३, १, ३, ३. एकूण ३२. माणसाचेही ३२च, त्यामुळे नुसती बेरीज पाठ करून उपयोग नाही. लांडग्याचे ४२.

शिंगं नाहीत म्हणून अडू नकोस. तुमच्याकडच्या उस्मानाबादी जातीत भुंड्या शेळ्या पुष्कळ. वहीत गण आर्टिओडॅक्टिला (समखुरी प्राणी), कुल बोव्हिडी (गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं) एवढं बिनधास्त लिही.

शेळी की मेंढी, ते मात्र डोळ्याच्या खोबणीपुढं अंगठा टेकवून बघ. खळगा लागला तर मेंढी, सपाट लागलं तर शेळी. ते मला इथं बसून कसं कळणार?