कादंबरीतल्या वडिलांना परदेशात कोणती नोकरी द्यावी?

तुमची नायिका चिपळूणजवळच्या गावात वाढते, काळ १९८५ ते २०००, वडील परदेशी, क्वचित भेटणारे, तरी घर मोडलेलं नाही. वडिलांना नासात शास्त्रज्ञ करू का, असं विचारलंत. नका करू. नासाच्या थेट नोकरीला सहसा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि तिथला नागरिक झालेला माणूस बायकोमुलीला पंधरा वर्षं कोकणात का ठेवेल? संगणक इंजिनियरचंही तेच, तो बिऱ्हाड घेऊन जातो. शिवाय अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्यांचा एच-वन-बी व्हिसा १९९० च्या कायद्याने आला, तो १९८५ मध्ये कुणाला देऊ नका.

आखाताचा पर्याय बरा आहे. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर यांना कुटुंब नेण्याइतका पगार नसायचा, त्यामुळे ताटातूट पटते. पण कुवेत निवडलंत तर २ ऑगस्ट १९९० चुकवता येणार नाही. इराकचं सैन्य घुसलं, पुढे अम्मानहून एअर इंडियाने लाखाहून जास्त भारतीय परत आणले. एवढं सगळं आलं की मुलीची गोष्ट बाजूलाच राहील.

माझं मत विचाराल तर त्यांना बोटीवर पाठवा. कॅप्टन नको, रेडिओ ऑफिसर करा, म्हणजे जहाजाचे बिनतारी संदेश सांभाळणारा अधिकारी. मी मुंबईत शिपिंग कंपनीच्या क्रू विभागात होतो, तेव्हा ही मंडळी जवळून पाहिली आहेत. सायन्स घेतलेला, मोर्स कोडची परीक्षा पास झालेला गावातला मुलगा तिथवर सहज पोचतो.

या कामात लेखकाला हवं ते सगळं आहे. रेडिओ रूमच्या घड्याळावर तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे असत. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प राहून फक्त ऐकायचं, कुठे कुणी संकटात असेल तर त्याचा क्षीण संदेशही कानावर पडावा म्हणून. जहाजावरच्या प्रत्येकाची तार याच्या हातून जाते. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, हे याला आधी कळतं, आणि दुसऱ्या कुणाकडे ते बोलायचं नाही. बंदरात जहाजाचा ट्रान्समीटर बंद, त्यामुळे बाकीचे माल उतरवण्यात गुंतलेले असताना हा शहरात फिरायला मोकळा. (यावरून त्याला टोमणे बसत.) किनाऱ्यावरच्या केंद्रामार्फत, म्हणजे आपल्याकडे ‘बॉम्बे रेडिओ’मार्फत, फोन जोडून मिळे, पण एकाने बोलून ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्याने. तेही त्या लहरीवर असलेल्या कुणालाही ऐकू जाणारं. असं बोलणं मुलीच्या वाट्याला एकदा तरी येऊ द्या.

पैशांची अडचण नाही. पगारातला ठरलेला भाग ‘अलॉटमेंट’ म्हणून कंपनी घरी पाठवते. साइन ऑफची, म्हणजे जहाजावरून सुटून घरी निघण्याची तारीख मात्र कधीच भरवशाची नसते. रिलीव्हर, म्हणजे जागा घेणारा माणूस, वेळेवर आला नाही किंवा जहाज ऐन वेळी भलत्याच बंदराकडे वळलं, की गणपतीला येणारा माणूस दिवाळीनंतर उगवतो. चूक कुणाचीच नसते, आणि घरातल्यांना रागवायलाही कुणी सापडत नाही. तुम्हाला हवं ते ‘न मोडलेलं घर’ मला इथे दिसतं.

एक गोष्ट सांभाळा. बऱ्याच कंपन्या अधिकाऱ्यांना बायको सोबत न्यायला देत. आई कधीच का गेली नाही, याचं कारण लागेल. किंवा ती एका खेपेला गेली आणि मुलगी मामाकडे राहिली, असं करा. मी असतो तर हेच केलं असतं.

आणि तुमच्या काळाचा शेवट तर आयता आहे. उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रांवर चालणारी जीएमडीएसएस पद्धत १९९२ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पूर्ण लागू झाली. संदेशांचं काम डेकवरचे अधिकारीच करू लागले, मोर्सवाल्या स्वतंत्र माणसाची गरज संपली. म्हणजे नोकरी जाणार हे वडिलांना सात वर्षं आधीपासून ठाऊक आहे. काही जण इलेक्ट्रिकलचं काम शिकून बोटीवर टिकले, बाकीचे घरी आले. मुलीचा जन्म १९८३ चा धरलात, तर तिच्या दहावीच्या सुमारास वडील कायमचे घरात येतात. त्या घराला तोवर त्यांच्याशिवाय जगायची सवय झालेली असेल, तेव्हा शेवटची प्रकरणं त्यासाठी मोकळी ठेवा.