प्रश्न तुमचे: आल्प्समध्ये गाड्यांशिवाय सायकल

प्रश्न: आम्हा दोघांना आल्प्समध्ये सायकल टूर करायचीय, पण घाटात शेजारून गाड्या सुसाट जायला लागल्या की बायकोचे हातपाय गळतात. गाड्या नसलेला रस्ता तिथे आहे का हो?

उत्तर: आहे की! साल्झबुर्ग ते ग्रादो, म्हणजे ऑस्ट्रियातून थेट इटलीच्या समुद्रापर्यंत, आल्पे आद्रिया नावाचा साधारण 410 किमीचा रूट आहे. सगळाच गाड्यांशिवाय नाही हं, मधेमधे गावातले छोटे रस्ते लागतात. पण मधला मुख्य डोंगर चढायचाच नाही, बोकस्टाइनला सायकल ट्रेनमध्ये टाकायची आणि बोगद्यातून पलीकडे मालनित्सला उतरायचं (याला कुणी चीटिंग म्हणालं तर म्हणू दे). खरी मजा इटलीत शिरल्यावर, तार्विझिओ गावानंतर, तिथे जुनी रेल्वेलाइन काढून त्याच जागी सायकल ट्रॅक केलाय, जुने बोगदे, नदीवरचे उंच लोखंडी पूल, आणि रेल्वेचाच मार्ग असल्यामुळे उतार इतका हलका की पाय नुसते फिरवायचे. बोगद्यात गार लागतं, जॅकेट हाताशी ठेवा.

एवढे दिवस नसतील तर इटलीतलं सान कांदिदो ते ऑस्ट्रियातलं लिएन्झ करा, द्राउ नदीच्या काठाने 44 किमीच्या आसपास, बहुतेक उतारच, परत यायला ट्रेन. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे भाड्याच्या सायकली घेतलेल्या फॅमिल्यांची जत्रा असते, म्हणजे गाड्या नाहीत पण ट्रॅफिक आहेच, सकाळी लवकर निघा.