खाडीलगत घरासाठी विनापरवाना भराव: तक्रार कुठे करायची आणि तपासणी कशी होते?

तुम्ही लिहिलंय की पेण तालुक्यात खाडीकाठी शेजाऱ्याने घरासाठी १० गुंठ्यांवर ३ फूट मुरूम टाकला, त्यामुळे मागच्या तिवरांकडे (कांदळवनाकडे) जाणारं भरतीचं पाणी अडलं, आणि ग्रामपंचायत "हा आमचा विषय नाही" म्हणून हात वर करते.

ग्रामपंचायत अर्धं खरं बोलतेय. गावठाणाबाहेर नियोजन प्राधिकरण कोण, ते आधी शोधा: नगरपालिका, सिडको की जिल्हाधिकारी. मूळ तक्रार त्यांच्याकडे, प्रत तहसीलदारांना आणि तिवरं आहेत म्हणून वन विभागाच्या कांदळवन कक्षालाही. "बांधकाम कुठाय, नुसती माती टाकलीय" हे उत्तर ठरलेलं असतं. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या (१९६६) कलम २(७) मध्ये 'विकास' या शब्दात जमिनीवरचं भरावाचं कामही येतं, त्यामुळे वीटही लागलेली नसताना कलम ५४ खाली काम थांबवण्याची आणि कलम ५३ खाली जमीन पूर्ववत करण्याची नोटीस निघू शकते. तक्रारीत ही तिन्ही कलमं लिहाच.

पुढचा प्रश्न पाण्याचा. भरतीचं पाणी पोचत असेल तर प्रकरण सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचं. तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, जमीन खाजगी असली तरी, हे मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलंय. गोड्या पाण्याची जागा असती तर पाणथळ नियम २०१७ लागले असते. भातखाचरं, मिठागरं आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेत, म्हणून मालक हमखास "इथं भातशेती होती" म्हणतो. सातबाऱ्यावरची गेल्या काही वर्षांची पीक पाहणी काढा. 'पडीक' किंवा 'खार' अशी नोंद असेल तर तो मुद्दा तिथेच लंगडा पडतो.

खरं घोडं अडतं ते पंचनाम्यात. "सदर ठिकाणी सपाटीकरण केल्याचे दिसून आले, काम बंद आढळले" एवढंच लिहून माणसं परत जातात. या वाक्यात उंची, क्षेत्र, पाणी कुठे अडलं, यातलं काहीच नाही. सपाटीकरण म्हणजे आहे तीच माती इकडची तिकडे, भराव म्हणजे बाहेरून आणलेली माती. हा एक शब्द बदलला की पुढची सगळी कारवाई बदलते. पाहणीला हजर राहा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: भरावाची उंची कशाच्या तुलनेत मोजली (जुना बांध, मोरीचा म्हणजे बांधाखालून पाणी जायच्या वाटेचा तळ, शेजारची न भरलेली जमीन), भरावाची कड तिवरांपासून किती मीटरवर आहे, आणि कोणती मोरी किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) बुजली. फोटो एकाच जागेवरून, भरतीला आणि ओहोटीला, तारीख-वेळ-अक्षांशासह. गूगल अर्थवरची जुनी चित्रं जोडा. गट क्रमांक चुकला तर फाईल तिथेच मरते, म्हणून मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) मागवणं शहाणपणाचं.

आता मुरुमाचा हिशोब करा, कारण महसूल खात्याला हा आकडा लगेच कळतो. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, गुणिले ३ फूट म्हणजे ३२,६७० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास धरून सुमारे ३२७ ब्रास. दाबून बसल्यावरचं हे माप, आणताना सुटा माल पाचव्या हिश्शाने जास्त धरा. ४ ब्रासच्या डंपरने शंभराच्या आसपास खेपा. तेवढ्या रॉयल्टीच्या (मुरुमावरच्या सरकारी शुल्काच्या) पावत्या आहेत का, एवढंच तहसीलदारांना लेखी विचारा. नसतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पर्यावरणाच्या तक्रारीपेक्षा ही बाजू जास्त वेगाने हलते, माझा अनुभव तरी तसाच.

नोटीस निघाली म्हणजे झालं असं समजू नका. कलम ५३(३) खाली मालक काम कायम ठेवण्याचा अर्ज करतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस नुसती कागदावर राहते. अर्ज आला का, हे माहिती अधिकारात विचारा आणि त्यावर लेखी हरकत नोंदवा: सीआरझेडमध्ये किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाला डावलून परवानगी सहसा देता येत नाही.

भराव काढायचा आदेश झाला तरी घोळ होतो. जेसीबीवाला माती कडेला ढकलतो आणि तिथेच नवा बांध तयार होतो, पाणी पुन्हा बाहेरच. म्हणून माती कुठे नेऊन टाकायची आणि किती खोल काढायची, दोन्ही आदेशात हवं. मूळ चिखलाच्या पातळीपर्यंतच, खाली खणायचं नाही. आधी मोरी उघडा. भरती पूर्वीसारखी खेळू लागली तर तिवरांचं बी पाण्याबरोबर आपोआप येतं. चुकीच्या उंचीवर लावलेली रोपं सहसा जगत नाहीत, त्यामुळे "बदल्यात झाडं लावतो" या हमीवर भुलू नका.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जायचं झालं तर कलम १४ खाली मुदत ६ महिने, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, आणि ती मोजतात वादाचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. पहिला डंपर कधी आला ती तारीख आजच लिहून ठेवा.