फोटो काढून झाल्यावर कॅमेऱ्याने फोकस कुठे धरला होता हे कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो तुमच्या कॅनन डीएसएलआरवर ५० मिमी, एफ १.८ लेन्सने काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे छान दिसले, पण घरी कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले तर निम्म्या फोटोंत चेहरे पुसट आणि मागच्या झेंडूच्या माळा मात्र पाकळीन् पाकळी स्पष्ट. फोकस नेमका कुठे बसला होता हे आता शोधता येईल का, आणि दोष लेन्सचा की तुमचा, असं तुम्ही विचारताय.

शोधता येतं, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत. पण जे सापडतं त्याचा अर्थ लावायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहतो. इथल्या मराठी घरांतल्या मुंजी, बारशी, डोहाळजेवणं आणि गाण्याच्या बैठका यांचे फोटो काढतो. माझा कॅमेरा निकॉन डी७२०० आहे, पण खालचं बहुतेक सगळं तुमच्या कॅननलाही लागू पडतं.

आधी सोपा भाग. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचा एक कप्पा असतो, त्याला एक्झिफ म्हणतात. शटर, छिद्र, आयएसओ, तारीख हे सगळं त्यात असतं, आणि या नोंदींचं प्रमाण १९९५ मध्ये जपानमध्ये ठरलं. फोकसचा चौकोन कुठे होता ही नोंद मात्र त्यातल्या 'मेकरनोट' नावाच्या भागात जाते, आणि हा भाग प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लिहिते. म्हणून साध्या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये ती दिसत नाही. तुम्हाला कॅननचा 'डिजिटल फोटो प्रोफेशनल' लागेल, तो फुकट मिळतो. त्यात फोटो उघडून एएफ पॉइंट (एएफ म्हणजे ऑटोफोकस, कॅमेऱ्याने आपोआप धरलेला फोकस) दाखवायचा पर्याय चालू केला की चित्रावर चौकोन उमटतो. निकॉनसाठी हेच काम 'एनएक्स स्टुडिओ' करतो आणि सोनीसाठी 'इमेजिंग एज'. कॅमेऱ्यातच पाहायचं असेल तर प्लेबॅकच्या मेनूत 'एएफ पॉइंट डिस्प्ले' चालू करा. पुढच्या समारंभाला तो चालूच ठेवा, म्हणजे घरी येईपर्यंत थांबावं लागणार नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली असतील तर 'एक्झिफटूल' वापरा. फिल हार्वे यांनी २००३ मध्ये हे साधन लोकांसाठी खुलं केलं आणि आजही ते फुकट आहे. दिसायला रूक्ष, नुसती अक्षरांची यादी, पण मेकरनोट इतकं नीट वाचणारं दुसरं साधन मी वापरलेलं नाही. त्या यादीत एएफने सुरू होणाऱ्या ओळी शोधा: कुठला मोड होता, कुठला बिंदू निवडला होता आणि कुठल्या बिंदूवर फोकस मिळाल्याचं कॅमेरा सांगतो. सोनी चार आकडे देतो, चित्राची रुंदी, उंची आणि त्यात फोकसची आडवी-उभी जागा. आयफोनही 'सब्जेक्ट एरिया' नावाच्या ओळीत चार आकडे लिहितो, त्यातले पहिले दोन मध्यबिंदूचे आणि पुढचे दोन चौकोनाच्या रुंदी-उंचीचे. हे आकडे मूळ चित्रावर मोजायचे. कापलेल्या चित्रावर मोजले तर चौकोन भलतीकडेच दिसेल.

एक खबरदारी घ्या. हे सगळं मूळ फाइलवरच चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली ही माहिती गळते. कुणाला तपासायला द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पुष्कळ एडिटिंग प्रोग्रॅमही सेव्ह करताना मेकरनोट टाकून देतात. तुमचं कार्ड अजून पुसलं नसेल तर आधी सगळ्या मूळ फाइलींची प्रत करून घ्या.

आता अवघड भाग. चौकोन दिसला की लोकांना वाटतं, निकाल लागला. चौकोन फक्त एवढंच सांगतो की फोकस धरताना कॅमेरा चित्राच्या कुठल्या भागाकडे बघत होता. स्पष्टपणा खरोखर कुठे पडला हे चित्रातच शोधावं लागतं. दोन्ही एकाच जागी आहेत की नाहीत, यावरून चूक कुणाची ते कळतं.

माझ्या आत्याला पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा तिला तानसेनच्या समाधीजवळ फोटो हवा होता. ती लहानपणापासून तिथल्या तानसेन संगीत समारोहाला जाते, तिथल्या चिंचेचा पाला तिने गळ्यासाठी चघळलेला आहे. समाधीशेजारीच सूफी संत मुहम्मद घौसांचा मकबरा आहे, आणि त्याच्या दगडी जाळ्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांनी एकदा तरी ग्वाल्हेरला यावं. मी आत्याला आतल्या बाजूला, जाळीपुढे दोन फुटांवर उभं केलं. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन, आत सावली. कॅमेऱ्याचा चौकोन तिच्या चेहऱ्यावर ठेवला, टिकटिक झाली, फोटो काढला. घरी बघतो तो जाळीच्या कडेला छिन्नीच्या खुणा मोजता याव्यात इतका दगड स्पष्ट, आणि आत्याचे डोळे धुक्यात.

एनएक्स स्टुडिओत चौकोन पाहिला. तो तिच्या कपाळाच्या कडेला होता, तीन भाग चेहरा आणि एक भाग जाळी. मला त्या वेळी तो चेहऱ्यावरच वाटला होता. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग आरशाच्या खाली वेगळा बसवलेला असतो, आणि त्याचं प्रत्यक्ष क्षेत्र आपल्याला दिसणाऱ्या चौकोनापेक्षा थोडं मोठं असतं. त्या क्षेत्रात ज्या कडा ठळक, तिकडे तो ओढला जातो. सावलीतलं सपाट कपाळ आणि त्याच्या शेजारी उन्हाने पेटलेली काळी-पांढरी जाळी, यात तो जाळीच निवडणार. तुमच्या झेंडूच्या माळांचं हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. त्यातही कॅमेऱ्याला सगळे बिंदू आपोआप निवडू दिले असतील तर आणखीच. तेव्हा पहिल्यांदा 'एएफ एरिया मोड' पाहा. तिथे 'ऑटो' दिसलं तर निवड कॅमेऱ्याने केली होती, तुम्ही नाही.

दुसरा प्रकार याच्या उलटा. चौकोन भिंतीवर आणि चेहरा लख्ख स्पष्ट. हे दिसलं की घाबरू नका. मधल्या बिंदूने चेहऱ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा वळवून चौकट जमवायची आणि मग फोटो काढायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. कॅमेरा वळल्याचं नोंदीला कळत नाही. ती चौकोन मधेच दाखवते, मग तिथे भिंत का असेना. या पद्धतीचा तोटा एफ १.८ला, म्हणजे छिद्र खूप मोठं उघडलेलं असताना, जाणवतो, कारण कॅमेरा वळवताना अंतर थोडं बदलतं आणि स्पष्ट दिसणारी पट्टी फारच थोडी असते.

थोडी म्हणजे किती? ५० मिमी, एफ १.८, तुमच्यासारखा छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि समोरचा माणूस २ मीटरवर, तर स्पष्ट दिसणारी पट्टी पुढची-मागची मिळून साधारण ११ सेंटिमीटर. दीड मीटरवर गेलात तर ६ सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत जवळजवळ ११ सेंटिमीटर भरतात. साखरपुड्यात दोघं शेजारी बसली आणि त्यातलं एक वीतभर मागे असलं, तर एकाच वेळी दोघं स्पष्ट येणार नाहीत. कॅमेरा कितीही महाग असला तरी हे बदलत नाही. आकडा वाढला की छिद्र लहान होतं आणि पट्टी रुंदावते, म्हणून दोघांच्या फोटोला मी एफ ४ च्या खाली जात नाही.

आता नोंद अजिबातच उरली नसेल, किंवा असून पटत नसेल, तर चित्र वाचायचं. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. स्पष्टपणा हा कॅमेऱ्यासमोर उभ्या धरलेल्या अदृश्य काचेसारखा असतो. ती काच जमिनीला जिथे टेकते तिथे एक रेघ सापडते. इथल्याच दौलतगंज भागातल्या एका मुंजीत मातृभोजनाचे फोटो काढले होते. आई मुलाला शेवटचा घास भरवतेय, मुलाचा चेहरा थोडा पुसट, चौकोन मात्र बरोबर त्याच्या डोळ्यावर. मग मी खाली सतरंजी पाहिली. पुढच्या पट्ट्यांचा लाल-निळा रंग नुसता सांडल्यासारखा. मुलाच्या गुडघ्यापाशीही वीण दिसत नव्हती. गुडघ्याच्या मागे, त्याच्या पाठीच्या रेषेत, एका पट्टीतले सुताचे उभे-आडवे धागे एकदम सुटे दिसायला लागले, आणि आणखी मागे पुन्हा सगळं मऊ. म्हणजे काच मुलाच्या मागे टेकली होती. खात्रीसाठी चांदीची भांडी पाहिली. अशा मोठ्या छिद्राच्या लेन्समध्ये फोकसच्या पुढे असलेल्या चमकदार कडांना जांभळट झाक येते आणि मागे असलेल्यांना हिरवट. मुलासमोरच्या वाटीच्या काठावर जांभळी रेघ होती, मागच्या समईला हिरवी. तुमच्या फोटोतल्या दागिन्यांच्या, अंगठीच्या कडा अशाच शंभर टक्क्यांवर, म्हणजे चित्र पूर्ण मोठं करून, बघा.

त्या दिवसाचे आणखी वीस-बावीस फोटो तपासले. प्रत्येकात चौकोन बरोबर, काच मागे, आणि प्रत्येक वेळी साधारण तितकीच मागे. चूक दर वेळी एकाच बाजूला आणि सारखी असली की ती हाताची नसते. लेन्स आणि कॅमेरा यांचं जुळत नसतं. हाताची चूक कधी पुढे, कधी मागे पडते. तुमच्या निम्म्याच फोटोंत गडबड आहे, म्हणून मला लेन्सवर संशय कमी वाटतो. तरी तपासून बघायला काहीच खर्च नाही. टेबलावर एक पुस्तक उभं ठेवा, त्याच्या शेजारी फूटपट्टी तिरकी टेकवा. कॅमेरा स्टँडवर ठेवून पुस्तकाच्या नावावर मधल्या बिंदूने फोकस धरा आणि पाच-सहा फोटो काढा. प्रत्येक फोटोआधी लेन्सचा फोकस मुद्दाम बिघडवा. मग तेच लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून, काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोजमाप सेन्सरवरच होतं, त्यामुळे तिथे हा जुळणीचा दोष येत नाही. लाइव्ह व्ह्यूचे फोटो स्पष्ट आणि आरशातून बघून काढलेले पुसट, तर दोष सापडला. माझ्या कॅमेऱ्यात 'एएफ फाइन ट्यून' आहे, त्यात उणे बाजूला सरकवून मी तो दुरुस्त केला. कॅननच्या खालच्या मॉडेलांत ही सोय नसते, तिथे सर्व्हिस सेंटरला कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र द्यावे लागतात. नुसती लेन्स देऊन परत आणलेल्यांना मी पुन्हा फेरी मारताना पाहिलंय.

आणखी एक शक्यता तुम्ही लिहिलेली नाही, पण बघून ठेवा: त्या पुसट फोटोंत कुठेतरी काहीतरी स्पष्ट आहे का? तुमच्यात माळा स्पष्ट आहेत, म्हणजे फोकसच चुकलाय. काहीच स्पष्ट नसेल आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील, तर हात हललाय, आणि मग चौकोन शोधण्यात अर्थ नाही. नुसता नवरा-नवरीचा हात पुसट असेल तर तो हात हलला होता. सतत फोकस बदलत राहणारा मोड लावला असेल तर फोकस पूर्ण होण्याआधीही फोटो निघू शकतो, तेव्हा मोडच्या ओळीत तेही पाहा.

राहता राहिले साखरपुड्याचे फोटो. चुकलेला फोकस कुठलाही प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने परत आणत नाही. शार्पनिंग वाढवलं की कातडी खरबरीत होते आणि डोळे तसेच राहतात. पण कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर पाहून फोटो टाकून देऊ नका. ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला १८०० बाय १२०० बिंदू पुरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फाइलचा जेमतेम अकरावा हिस्सा. तुमची फाइल तेवढी करून पाहा. ज्यांत चेहरा किंचितच मऊ आहे ते त्या आकारात अगदी चांगले दिसतील. आत्याचा जाळीपुढचा फोटो मी तसाच लहान छापून दिला. तिने तो देवघराच्या बाजूला लावलाय, आणि पुढच्या डिसेंबरात मी तिला जाळीपासून चांगली आठ फूट पुढे उभी करून, एकच बिंदू तिच्या डोळ्यावर ठेवून पुन्हा काढला.